सात नंबरचे टोमॅटो

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. आमच्या शिवण कारखान्यात मला 'मिरची' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि मी ओ देते. माझं मशीन सात नंबरचं. आम्ही शाळेचे युनिफॉर्म, हॉटेलचे पडदे, डॉक्टरांचे डगले, काय वाटेल ते शिवतो, पण प्रत्येक नगावर शिवणाऱ्याच्या मशीनचा नंबर टाचलेला असतो. ज्याचा हात, त्याचा नंबर. शिवण उसवली तर कुणाला धरायचं ते कळायला नको? या नियमाची सगळ्यात मोठी पोलीस मीच. एकदा बारा नंबरवालीनं घाईत दुसरीनं शिवलेल्या कॉलरवर आपली चिठ्ठी टाचली, तर मी तिला सगळ्यांदेखत असं झापलं, की बिचारी दोन दिवस एकटीच डबा खात होती.

वर्षातून एकदा आमची डबा पार्टी होते. शिकलेली माणसं त्याला पॉटलक म्हणतात. प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा, कापड कापायचं लांब टेबल पुसून त्यावर मांडायचा, आणि तिथेही तोच नियम, भांड्याखाली करणाऱ्याचा नंबर. मजा असते हो! भानगडीही असतात. एका वर्षी सगळं गोड संपून गेलं म्हणून पुढच्या वर्षी प्रत्येकीनं मनातल्या मनात ठरवलं, आपण गोडच न्यायचं. त्या दिवशी टेबलावर अकरा केक होते आणि पाव आणायला माणूस धाडावा लागला. इस्त्रीवाला तर दरवर्षी नुसत्या कागदी प्लेटा आणतो आणि सगळ्यांच्या वर जेवतो.

माझे भरलेले टोमॅटो मात्र पंधरा मिनिटांत फस्त. 'माझे' म्हणते ना, तिथेच तर गोम आहे. ते करतात माझ्या सासूबाई. मला पाणी उकळता येतं. त्यापुढे माझा आणि गॅसचा संबंध नाही.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा नेले, तेव्हा आमच्या कटिंग मास्तरांनी एक तोंडात टाकला, खाली चिठ्ठी बघितली आणि ओरडले, "सात नंबर! तुझ्या हाताला काय चव आहे गं!" मी तोंड उघडलं, देवाशप्पथ, खरं सांगायलाच उघडलं. पण अख्ख्या जन्मात असं मला कुणी म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं, "छे हो, त्यात काय एवढं!" झालं. आयत्या बिळावर नागोबा बसला तो बसलाच.

बरं, घरी काय? घरी येऊन सासूबाईंना खडान् खडा सांगायचे. मास्तरांनी तीन खाल्ले, कवळी काढून ठेवून खाल्ले. काजं करते ती काजवाली, तिनं बोटं चाटली. सगळे तुमचं नाव घेत होते, हे शेवटचं तेवढं माझ्या पदरचं. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायच्या, "मास्तर काय म्हणाले म्हणालीस?" दुसऱ्या वर्षापासून त्या मास्तरांसाठी तीन जास्त मऊ शिजवायला लागल्या. काजवालीला पित्ताचा त्रास, म्हणून तिचे दोन बिनतिखटाचे. आणि मी इथे मिरवायची, "मास्तर, हे खास तुमच्यासाठी!" लाज वाटायची. पण वर्षातून एकच दिवस वाटायची, मग विसरायला होई.

यंदा कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. मालकीणबाईंनी दारावर कागद डकवला, 'डबा पार्टीला घरच्यांनाही आणा.' घरी मी चकार शब्द काढला नाही. पण तो इस्त्रीवाला! प्लेटा घ्यायला गेला, दुकानात माझा नवरा भेटला, आणि संध्याकाळी नवरा दारातूनच ओरडला, "आई, तुला आमंत्रण आहे!"

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "मला?" म्हणाल्या, आणि अशा काही हसल्या, की बघवेना.

पुढचे चार दिवस घरात नुसती धामधूम. ठेवणीतला निळा स्वेटर बाहेर आला, उन्हात पडला. केसांना कलप लागला. "मास्तरांना मी ओळखीन बघ. उंच आहेत ना? आणि काजवालीला विचारीन, पित्त कसंय. बाई गं, एवढी माणसं माझं नाव घेतात आणि मी एकाचं तोंड पाहिलेलं नाही!"

"आई, जिने फार आहेत. तुमचे गुडघे..."

"गुडघे घरी ठेवून येते," त्या म्हणाल्या.

खरं सांगून टाकावं, असं चारदा वाटलं. चारदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिथे त्या टोमॅटोची टोपी कापत गुणगुणत बसलेल्या असायच्या. हाताखाली मशीन असलं तर मला वाघाची भीती नाही, पण त्या गुणगुणण्यापुढे मी आल्या पावली मागे फिरायची.

पार्टीच्या दिवशी मी शक्कल लढवली. भांड्याला चिठ्ठीच लावायची नाही. कुणाचे म्हणून कळणारच नाही! पण चोराच्या वाटा काजवालीला ठाऊक. आम्ही तिघं आत पाऊल टाकतोय तोच ती धावत आली. "आले, आले, सात नंबरचे टोमॅटो आले! अगं, चिठ्ठी कुठाय? तूच नियम मोडतेस होय?" आणि तिनं भांड्याखालच्या रुमालाला सात नंबर टाचलादेखील.

हॉलमध्ये नुसता कल्ला. मशिनं भिंतीला सरकवलेली, पोरंटोरं कापडाच्या ताग्यांवर चढलेली, कुणाचं तरी सूप पिशवीत सांडलेलं, त्या पिशवीवरून नवराबायकोचं वाजलेलं. तीन घरांतून उकडलेली अंडी. मीठ कुणीच आणलेलं नाही. आणि या सगळ्यातून सासूबाई तडक मास्तरांसमोर जाऊन उभ्या.

"तुम्ही मास्तर ना? तुमचे तीन मऊ आहेत ते कडेला ठेवलेत बरं का."

मास्तरांना कोण आनंद झाला! "म्हणजे तुम्ही मिरचीच्या सासूबाई! अहो, तुमची सून सहा वर्षं माझ्यासाठी वेगळे मऊ करून आणते. काय हाताला चव तिच्या! भाग्यवान आहात, आयतं खायला मिळतं."

मी चार पावलांवर होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूबाईंनी मास्तरांकडे बघितलं. मग भांड्याकडे. मग रुमालावरच्या सात आकड्याकडे. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"हो ना," त्या म्हणाल्या. "गुणाची आहे."

आणि खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसल्या. प्लेट मांडीवर, प्लेटीत काही नाही.

त्या चिडल्या असत्या तर मला झेपलं असतं. मी चिडण्याच्या घरचीच. पण मी तिकडे वळणार, तेवढ्यात काजवालीनं मला धरलं. "आज सोडायची नाही. घरची माणसंही आहेत, सगळ्यांसमोर सांग, आत काय भरतेस?" चारपाच जणी जमल्या. एकीनं कागद-पेन काढलं. मी म्हटलं, "भरतात... आपलं सारण." "कसलं सारण?" आणि तेव्हा खिडकीकडून, मान खाली घालून, अगदी हळू आवाज आला, "भाजलेला कांदा सांग. आणि पावाचा चुरा."

माझं पितळ उघडं पडू नये म्हणून ती बाई मला सांगत होती!

मला एवढा राग आला म्हणून सांगू, आणि या खेपेला सगळाच्या सगळा माझा मला. मी स्टुलावर चढले. "ऐका सगळे! हा माल माझा नाही. एक वर्ष नाही, सहाच्या सहा वर्षं माझा नाही. हे टोमॅटो माझ्या सासूबाईंनी केलेत. मास्तरांचे मऊ त्यांनी केले, काजवालीचे बिनतिखट त्यांनी केले, मी नुसते उचलून आणले. मला कांदा भाजतात की उकडतात तेसुद्धा माहीत नाही!"

सूप सांडलेले नवराबायकोसुद्धा भांडायचे थांबले.

"मग नंबर काढा की," बारा नंबरवाली म्हणाली. आणि माझी वाट न बघता तिनंच पुढे होऊन टाचणी उपसली. कॉलरचं उट्टं काढलं तिनं, आणि बरोबर केलं.

मास्तरांनी कवळी तोंडात नीट बसवली आणि खिडकीपाशी गेले. "बाई, माझ्याकडून चूक झाली. तुमचा नंबर काय लिहू?"

"मला कुठला आलाय नंबर?" सासूबाई म्हणाल्या.

"मिरचीच्या शेजारचं आठ नंबर दोन वर्षं बंद पडलंय. तो तुमचा." त्यांनी चिठ्ठीवर मोठा आठ काढला. पण टाचायला भांड्याकडे वळले तर भांडं रिकामं! मी स्टुलावरून ओरडत होते तेवढ्यात इस्त्रीवाल्यानं शेवटचा टोमॅटो उचलला होता. मग मास्तरांनी चिठ्ठी सासूबाईंच्या निळ्या स्वेटरवर टाचली, आणि सगळ्या बाया त्यांच्याभोवती जमल्या. कांदा किती, पाव ताजा की शिळा, झाकण कधी ठेवायचं! सासूबाई बोलायला लागल्या ते पाऊण तास. मधे कुणाला शिरायला फट मिळेना.

घरी परतताना नवरा रिकामं भांडं घेऊन पुढे, आम्ही दोघी मागे. सासूबाई एक शब्द बोलेनात. दोन चौक गेले. शेवटी माझ्यानं राहवेना. "आई, बोला काहीतरी. वाटेल तेवढ्या शिव्या द्या."

"एक खरं सांग," त्या थांबल्या. "मास्तर दरवर्षी तीन खायचे, ते खरं का? की तेही आपलं मला सांगायला?"

"खरं! कवळी काढून. आणि बोटं चाटली तेही खरं. फक्त तुमचं नाव तेवढं..."

त्यांनी श्वास सोडला. "मग ठीक. मला वाटलं, सहा वर्षं कुणी खाल्लेच नाहीत की काय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रस्त्यात रडायचं म्हणजे काय, म्हणून मी स्वतःवरच खेकसले. सासूबाई चालायला लागल्या. "उद्या टोमॅटो आण. पुढच्या वर्षीचे तू भरायचेस. कांदा मी शिकवीन."

"आणीन," मी म्हटलं. मग बघितलं, तर आठ नंबर स्वेटरवर तसाच. टाचणी टोचेल म्हणून काढायला हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.