पंख्यातली आजी

आमच्या नातीला वाटतं, तिची आजी म्हणजे छताचा पंखा.

हसू नका. दहा महिन्यांच्या पोरीला दुसरं काय वाटणार? लेक राहते विमानाने यावं लागेल इतकी लांब. ती व्हिडिओ कॉल लावते आणि मी फोन टेबलावर उताणा ठेवून बोलते. छकुलीला ऐकू येतो माझा आवाज, दिसतो गरगरणारा पंखा. ती त्या पंख्याला बघून खदाखदा हसते, आणि मी फोनशेजारी बसून डोळे पुसते.

या सगळ्याला कारण माझं नाक. लग्न झाल्यावर ह्यांनी माझा पहिला फोटो काढला, तो बघून मी दचकलेच. चेहऱ्याच्या मधोमध नुसतं नाक, आणि डोळे-कान बिचारे जागा मिळेल तिथे बसलेले. दुसरा काढला, तोही तसाच. मी कानाला खडा लावला. तेव्हापासून चौतीस वर्षं, कॅमेरा दिसला की मी दाराआड. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोत माझा फक्त हात आहे. पुढे मोबाईल आले, तेव्हा वाटलं, बघू तरी. हात पुढे करून स्वतःच एक फोटो काढला. तेच नाक! म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, आपलाच, अशी माझी खात्रीच पटली.

खरं तर नाकांवरच आमचं पोट चालतं. आमचं चष्म्याचं दुकान आहे. हे मागे बसून काचा घासतात, मी पुढे फ्रेमी बसवते. गिऱ्हाईक हातातला आरसा तोंडाजवळ नेतं आणि चेहरा पाडतं. मग मी सांगते, "आरसा लांब धरा हो. इतक्या जवळून कुणाचंही नाक मोठंच दिसणार." दिवसातून दहादा तरी सांगते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे माझी फजिती होणार आहे.

तर एक दिवस लेकीचा फोन आला. "आई, वीस दिवसांनी येतोय आम्ही. सुट्टी दोनच आठवडे मिळालीय. छकुली अनोळखी माणूस दिसलं की टाहो फोडते. तुझा एक फोटो पाठव, पाळण्याजवळ लावते. नाहीतर ती तुला ओळखेपर्यंत आमची परतायची वेळ होईल."

नात घरात येणार आणि मला बघून रडणार? पुढची भेट कधी, देव जाणे.

हे तर एका पायावर तयार. कॅमेरा घेऊन हातभर अंतरावर उभे राहिले आणि काढला फोटो. ह्यांची लेन्स पहिल्यापासून एकच, रुंद. "यात सगळं मावतं," हे ह्यांचं पालुपद. माझ्या बाबतीत नाक तेवढं मावलं.

"हे बारीक केल्याशिवाय फोटो घराबाहेर जायचा नाही," मी बजावलं.

झालं! ह्यांनी फोटो सुधारायची सॉफ्टवेअर गोळा करायला सुरुवात केली. पहिलं फुकटचं, त्यातली बटणंच ह्यांना कळेनात. दुसऱ्याने मला मेणाची बाहुली केली. सुरकुत्या गेल्या, त्यांच्याबरोबर मीही गेले. तिसरं महागातलं, महिनाभर वापरून बघायला मिळालेलं. त्यात माऊसने नाक आत ढकलता यायचं. हे जीभ बाहेर काढून तासभर ढकलत बसले.

"बघ! झालं की नाही सरळ?"

नाक सरळ झालं होतं, पण माझ्या मागची दाराची चौकट केळ्यासारखी वाकली होती.

"अहो, नात म्हणेल आजी पडक्या घरात राहते!"

ह्यांनी चौकट सरळ करायला घेतली, तर माझा गाल गेला दारात. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण पाठवायला फोटो नव्हताच, आणि आठ दिवस सरले होते.

शेवटी हे म्हणाले, "आपण लेन्स बदलून बघू." मीही सोबत गेले. एकटे गेले असते तर चिमण्या टिपायची तोफेएवढी लेन्स घेऊन आले असते. कॅमेऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर एक तरतरीत बाई होती. हे तिला म्हणतात कसे, "याहून रुंद दाखवा."

"फोटो कशाचा काढायचाय?"

"हिचा."

"किती लांबून काढता?"

ह्यांनी हात पुढे करून दाखवला. बाई आधी ह्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिला हसू आवरेना. "काका, रुंद लेन्सने चेहरा भरून काढायचा तर इतकं जवळ जावंच लागतं. आणि इतक्या जवळून कुणाचंही नाक मोठंच दिसणार!"

माझं वाक्य! शब्दन् शब्द माझं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने ह्यांच्या कॅमेऱ्याला एक लांबट लेन्स लावली, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून माझा फोटो काढला. आधीचा आणि हा, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. आधीच्यात नाक होतं. दुसऱ्यात मी होते. साधी, बरी, माझ्या आईसारखी दिसणारी बाई. कुठेही काही ढकललेलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता, पण माझा आधी भडकाच उडाला. "चौतीस वर्षं! चौतीस वर्षं मी दाराआड उभी राहिले! लांब व्हायला काय झालं होतं तुम्हाला?"

हे लेन्सच्या टोपणाशी चाळा करत पुटपुटले, "लांब जावंसं वाटायचं नाही."

दुकानातल्या बाईने लगेच कुठलासा खोका शोधायला पाठ फिरवली. मी या वयात कानापर्यंत लाल झाले.

लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. पण घरी खोली पुरेना. हे मागे सरकत सरकत दाराबाहेर गेले, तिथून जिन्यात, आणि तिथून ओरडले, "हस जरा!" वरून उतरणाऱ्या शेजाऱ्यांनी मला विचारलं, "भांडण झालंय का?" आणि मला जे हसू फुटलं, तोच फोटो. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये ह्यांनी फक्त उजेड थोडा वाढवला. माऊस नाकाकडे जाताच मी हातावर चापट मारली.

फोटो पाळण्याजवळ लागला. लेक सांगायची, "बघते गं ती रोज." मी आता फोनही समोर धरायला लागले, चांगला लांब, पुस्तकांना टेकवून.

ती आली त्या दिवशी मी सकाळपासून दाराशी. छकुली लेकीच्या कडेवरून आत आली, इकडेतिकडे बघितलं, वर बघितलं आणि पंख्याला बघून खुदकन हसली. पंख्याला! माझं काळीज तुटलं. सगळा आटापिटा पाण्यात.

"छकुले," मी कसंबसं म्हटलं, "मी इथे आहे गं."

तिने मान खाली केली. माझ्याकडे बघितलं, परत पंख्याकडे, परत माझ्याकडे. ओठ थरथरले. आता फुटणार टाहो, मी श्वास रोखला. आणि तिने दोन्ही हात माझ्याकडे पसरले, माझ्या कडेवर आली आणि माझं नाक मुठीत पकडलं. पकडलं ते सोडेचना.

हे धावत आले, जुनी रुंद लेन्स लावून, सवयीप्रमाणे अगदी हातभर अंतरावर. मग आठवलं बिचाऱ्यांना. थबकले आणि मागे सरकायला लागले.

"अहो, कुठे निघालात?" माझा आवाज बंद नाकातून आला. "काढा. जवळूनच काढा."

तो फोटो आता दुकानात आरशाच्या वर लावलाय. त्यात भलंमोठं नाक आहे आणि त्यावर एवढीशी मूठ. गिऱ्हाईक विचारतं, ही कोण? मी सांगते, मी.