कळ्यांचा गुरुवार

धाकट्या मुलाचं, भुजंगचं लग्न झालं त्या वर्षी, १९९६ च्या श्रावणात, केशरबाईंनी धावडा गावच्या वाचनालयात फरशीवर कपाशीच्या कळ्यांचं सूप पालथं केलं आणि समोर बसलेल्या अकरा लेकरांना बजावलं,

“घाई न्हाई करायची. गोष्ट पुढं जाईल तसा हात पुढं जाईल.”

लेकरांनी एकेक कळी उचलली. सगळ्यांत मोठं सहा वर्षांचं होतं. सगळ्यांत लहान तीनचं, ते बहिणीच्या परकराला धरून बसलं होतं.

“एक राणी होती,” केशरबाई म्हणाल्या. “लई झोपाळू. दिवस डोक्यावर आला तरी शालू पांघरून निजलेली. तिला उठवायचं. पण कसं? गदागदा हलवून न्हाई. अंगठ्याचं नख असं फिरवायचं आन शालू अलगद काढायचा. आत काडी दिसंल. ती राणी. तिला धक्का लावायचा न्हाई.”

एका पोराने कळी चुरगाळली. दुसऱ्याने आधी चाखून पाहिली आणि थुंकली. खिडकीपाशी बसलेल्या बेबीनंदाने मात्र नख एकदाच गोल फिरवलं. पिवळट पाकळ्या आणि आतली परागाची नळी एकदम निघून आली. मधली काडी उघडी, सरळ, जशीच्या तशी. तिने ती हातावर ठेवून केशरबाईंना दाखवली आणि लगेच दुसरी कळी घेतली.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. दोन कपाटं, एक बाकडं आणि पेपर ठेवायला उतरतं टेबल. किल्ली मुनीरभाई शिंप्याकडे. झाडलोट केशरबाईंकडे. पन्नाशी उलटल्यावर त्या साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. अक्षरं डोक्यात लवकर बसली, हात ऐकेना. विळ्याची मूठ धरून धरून बोटं अशी झाली होती, की पेन्सिल धरली की टोक मोडायचं. नुसता ‘क’ काढायला त्यांना सोळा दिवस लागले. तेव्हाच त्यांनी ठरवलं, की गावातल्या लेकरांची बोटं पेन्सिल हातात यायच्या आधी मोकळी झाली पाहिजेत.

म्हणून दर गुरुवारी सकाळी साडेसातला त्या कपाटातून एक पुस्तक काढत, ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत, आणि वाचता वाचता लेकरांच्या हाताला काहीतरी देत. चिंचोके ओवायला. ज्वारीचे दाणे चिमटीने उचलून आगपेटीत भरायला. चिंध्यांना शिवलेल्या गुंड्या काजात घालायला. गुंड्या मुनीरभाई द्यायचे. कळ्यांची गोष्ट पुस्तकातली नव्हती, त्यांची स्वतःची होती. काहीतरी नाजूक काम शोधताना त्यांच्या हाताला जे सगळ्यांत नाजूक येत होतं, तेच त्यांना सुचलं. साहेबरावांच्या बियाण्याच्या प्लॉटवर त्यांनी आठ वर्षं क्रॉसिंगचं, म्हणजे संकरित बियाण्यासाठी हाताने पराग लावायचं काम केलं होतं. दुपारी मादीच्या ओळीतल्या, उद्या उमलणाऱ्या कळ्या अशाच नखाने सोलायच्या, वर लाल कागदाची टोपी घालायची, आणि सकाळी नराचं फूल त्या काडीवर फिरवायचं. नजर कमी झाल्यावर त्यांनी ते सोडलं.

साहेबराव त्या दिवशी पेपर वाचायला आले होते. पेपर हातात तसाच ठेवून ते खिडकीकडे बघत होते.

“ही कुणाची वो काकू?”

“नंदाबाईची. बेबीनंदा.”

“वय?”

“सहावं लागलंय. पुढच्या जूनला पहिलीत घालायची.”

“हात चांगलाय,” साहेबराव म्हणाले आणि पेपर टेबलावर ठेवून गेले.

केशरबाईंना बरं वाटलं. घरी जाऊन त्यांनी नव्या सुनेला सांगितलं, की गावातला एवढा मोठा माणूस पोरीचं कौतुक करून गेला. भुजंग आतून म्हणाला, “आई, कौतुक झालं, पण आपल्याच रानातल्या कळ्या तोडून नेल्या तर बोंडं काय वाचनालयात लागणारेत का?” सून तोंडाला पदर लावून हसली.

पुढच्या गुरुवारी सव्वीस लेकरं आली.

“केशरबाई, सतरंजी पुरंना झाली,” मुनीरभाई म्हणाले. “आता फीस लावा फीस.”

“लावते. पहिली तुमच्यापासून घेते. पावशेर गुंड्या.”

मुनीरभाई हसले. मग दारात उभं राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“पर एक बात बघा. मागल्या बारीला सहा पोरं होती, पाच पोरी. आज पोरं चारच. बाकी सगळ्या पोरी.”

“पोरींना गोष्टींचा नाद असतो.”

“असंल,” मुनीरभाई म्हणाले, पण ते आता हसत नव्हते.

आया आज दारातून परतल्या नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या. केशरबाईंनी पुस्तक उघडलं तशी त्यांतली झुंबरबाई पुढे आली.

“मावशी, वाचणं राहू द्या वो आज. कळ्यांचं घ्या. आम्हाला नऊला प्लॉटवर जायचंय.”

“कळ्या न्हाई आणल्या आज. आज चिंचोके.”

“मी आणल्यात.” झुंबरबाईने ओचा सोडला. हिरव्यागार कळ्यांचा ढीग फरशीवर पडला. “नराच्या ओळीतल्या हायेत. साहेबरावांनीच दिल्या. म्हणले, केशरकाकूच्या हाताखालून गेलेली पोर असली तर डोळे झाकून कामावर घेतो. बाकीच्या पोरी पहिले पंधरा दिवस नुसत्या कळ्या मोडतात.”

केशरबाईंनी ढिगाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. तिथे दुसरीच कुणाची पोर बसली होती.

“बेबीनंदा कुठंय?”

“ती? ती सोमवारपासूनच प्लॉटवर जाऊन राह्यली की.”

केशरबाई खाली बसल्या. कळ्या दोन्ही हातांनी गोळा करून त्यांनी झुंबरबाईच्या ओच्यात परत घातल्या. एक कळी सतरंजीखाली गेली होती, तीही शोधून काढली. मग लेकरांना म्हणाल्या,

“हाताची घडी घाला.”

लेकरांनी घडी घातली. त्या वाचू लागल्या. दुसऱ्या पानाला एका आईने पोरीला दंडाला धरून उठवलं. चौथ्या पानाला तिघी गेल्या. झुंबरबाई जाताना म्हणाली, “तुमचं सारं झालं मावशी, म्हणून तुम्हाला सुचून राह्यलं.” पुस्तक संपलं तेव्हा सतरंजीवर सात जण उरले होते, आणि त्यांत चार पोरं होती.

बाराला फुलांचं काम थांबतं आणि दोनला कळ्यांचं सुरू होतं. त्या मधल्या वेळात केशरबाई नंदाबाईच्या घरी गेल्या. नंदाबाई चुलीपुढे होती. बेबीनंदा भिंतीशी झोपली होती. तिच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता, आणि दोन्ही अंगठे नखापासून पेरापर्यंत पिवळे झाले होते.

“एवढ्याशा लेकराला कशाला नेलंस गं?”

“तुम्ही नेतच होत्या की चतुराला.”

चतुरा केशरबाईंची थोरली. सातव्या वर्षी प्लॉटवर गेली होती. आता तिची दोन पोरं शाळेत होती आणि ती रेशनच्या दुकानात अंगठा उठवत होती.

“म्हणूनच सांगून राह्यले,” केशरबाई म्हणाल्या.

नंदाबाईने भाकरी उलटली. तिचा नवरा जुन्या जालन्यात हमालीला होता, महिन्यातून एकदा यायचा.

“मावशी, तुमचा गुरुवार आठवड्यातून एकदा येतो. तोबी दीड तास. बाकीचे सहा दिवस हिला कुणाजवळ ठेवू? विहिरीच्या काठाला? तिथं माझ्या नजरेपुढं तरी राहती.”

“आन शाळा?”

“शाळा जूनला. नाव घालीन की. दिवाळीपर्यंत तर काम हाय.”

“दरवर्षी दिवाळीपर्यंत असतं.”

नंदाबाईने दुसरी भाकरी थापायला घेतली.

“तिच्या जागी मी येते,” केशरबाई म्हणाल्या. “तिला घरी राहू दे. माझी सून बघंल तिच्याकडं.”

नंदाबाईने पहिल्यांदा मान वर केली. तिने केशरबाईंच्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे.

“या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता केशरबाई प्लॉटवर गेल्या. साहेबराव बांधावर लाल कागदांची पिशवी घेऊन उभे होते.

“काकू, चष्मा आणला का?”

ओळीतल्या बाया हसल्या. केशरबाईही हसल्या. साहेबरावांनी त्यांना नंदाबाईपासून चार ओळी सोडून एक ओळ दिली. बेबीनंदाला घरी जायला सांगितलं होतं. ती गेली नाही, बांधावरच बसून राहिली.

पहिल्या दहा कळ्यांत केशरबाईंनी चार काड्या मोडल्या. नख कुठे लागलं ते बोटाला कळत नव्हतं, आणि काडी मोडल्यावरच डोळ्यांना दिसत होती. साहेबराव मागून आले. खाली पडलेल्या चारही काड्या त्यांनी वेचून तळहातावर घेतल्या.

“उद्यापर्यंत बसंल हात,” केशरबाई म्हणाल्या.

“हात बसायचं वय असतं काकू,” साहेबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “आजच्या दिवस करा. उद्यापासून पोरीला येऊ द्या.”

ते पुढच्या ओळीकडे गेले. थोड्या वेळाने झाडं हलली आणि खालून बेबीनंदा आली. कपाशी तिच्या डोक्याच्या वर होती. तिने केशरबाईंच्या बोटांतून फांदी काढून घेतली, नख फिरवलं, टोपी घातली, आणि पुढची फांदी ओढली.

“तू घरी जा.”

“तुम्हाला रागवतील ना ते.”

“रागवू दे. जा म्हणते ना.”

पोर करतच राहिली. केशरबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या दोन बोटांत मावेल एवढंच ते होतं. बेबीनंदाने हात ओढला नाही. नुसती वर बघत उभी राहिली, आपण काय चुकलो ते कुणी सांगेल अशी वाट बघत.

“आज्जी,” ती म्हणाली, “मंग तुम्ही गोष्ट सांगा. इथं कुणीच सांगत न्हाई.”

शेजारच्या ओळीतून दुसऱ्या एका पोरीचं तोंड वर आलं. तिच्या पलीकडे आणखी एक. चार ओळी सोडून नंदाबाई पाठमोरी होती. तिचा हात थांबला होता, पण ती वळली नाही.

केशरबाईंनी मनगट सोडलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या,

“एका गावात एक मुंगी होती.”

बांधावर साहेबरावांनी मान वळवून ऐकलं. ते जवळ आले नाहीत. पाचपर्यंत त्या ओळींतलं एकही लेकरू पाणी प्यायला गेलं नाही.

सोमवारी साहेबरावांचा निरोप आला. काकूंना म्हणावं ओळ नको, नुसतं येऊन बसा, गोष्ट सांगा. केशरबाई दोन दिवस गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवीत वाचनालयाचं पुस्तक घालून गेल्या. मुनीरभाईंनी रजिस्टरमध्ये पुस्तकाची नोंद केली आणि विचारलं,

“घरी वाचायला नेता का?”

“न्हाई,” केशरबाई म्हणाल्या. “लेकरं तिकडं हायेत.”

गुरुवारची सतरंजी मुनीरभाईंनी दिवाळीनंतर घडी करून कपाटावर ठेवली. जूनमध्ये नंदाबाईने पोरीचं नाव शाळेत घातलं. श्रावण लागला की बेबीनंदा वर्गातून उठून प्लॉटवर जाई, आणि दिवाळीनंतर परत येई तेव्हा वर्ग पुढे गेलेला असे. चौथीत पोचेपर्यंत तिला वाचनालयातली दहा-बारा पुस्तकं अगदी शब्दाला शब्द पाठ झाली होती. तिने त्यांतलं एकही स्वतः उघडून वाचलेलं नव्हतं.

केशरबाई ९ ऑक्टोबर २००१ रोजी, मंगळवारी पहाटे, भुजंगच्या घरी वारल्या. त्यांना सकाळी दहाला नेलं. फुलांचं काम बारापर्यंतच चालतं, त्यामुळे प्लॉटवरून कोणी येऊ शकलं नाही.