न मोजलेले दात

आरोग्य खात्याच्या साहेबांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्यांचाच अहवाल होता. गिरणीमागच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांचे पक्के दात त्यांनी तपासले होते.

"किडलेले दात निम्म्यावर आले की बाई! आता वस्तीतला दातांचा दवाखाना चालवायची गरज नाही. उद्या सकाळपर्यंत या अहवालावर सही करा. आणि हो, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडेच आहे, बरं का."

"पण साहेब, मागच्या शिबिरात आपण किडलेले दात सरसकट उपटले. ते या आकड्यात नाहीत."

"उपटलेला दात किडेल कसा? नसलेलं कशाला मोजायचं?"

तपासताना बाईंनी उपटलेल्या दातांच्या रिकाम्या जागाही टिपल्या होत्या. त्या बेरजेत धरू नका, असं साहेबांनी फर्मावलं आणि बाईंनी मुकाट्याने ऐकलं. आता त्या चांगल्याच कात्रीत सापडल्या. नवऱ्याची नोकरी सुटलेली, राहतं घर खात्याचं. सही केली तर मन खाणार, नाही केली तर डोक्यावरचं छप्पर जाणार. जायला वाटच उरली नव्हती.

"काय गं, घास उतरत नाहीये का?" जेवताना सासूबाईंनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं.

सासूबाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि बोळकं पसरून हसल्या. "म्हणजे तुझ्या साहेबांच्या हिशेबात घरातलं सगळ्यात निरोगी तोंड माझं. एक दात किडलेला नाही बघ."

"हसू नका, आई. घर सोडावं लागेल."

"कळतं मला. या वयात सामान बांधायची हौस नाही मला. पण उद्या त्या वस्तीतलं पोर गाल धरून रडत येईल आणि दवाखान्याला कुलूप असेल. ते तुझ्या सहीने लागलेलं असेल. सोसेल का तुला?"

बाईंचे डोळे भरून आले. सोसणार नव्हतं, हे त्यांना ठाऊकच होतं!

सकाळी त्यांनी नवी बेरीज साहेबांपुढे ठेवली. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले, सगळे दात तिच्यात धरले होते. कीड कमी झालीच नव्हती, उलट थोडी वाढली होती.

"नीट विचार केलात ना?" साहेबांनी विचारलं.

"केला. कीड आज किती दिसते एवढंच बघून भागत नाही, साहेब. तिने आजवर काय नेलं तेही मोजावं लागतं. सही केली आहे, पण या आकड्याखाली."

त्या सहीमुळे दवाखाना बंद करता आला नाही. बाईंची मुदतवाढ मात्र आली नाही. घर सोडायची नोटीस आली, तेव्हा पहिली ट्रंक सासूबाईंनीच भरायला घेतली.

मंडळी, आजार घटल्याची बातमी आपल्याला हवीच असते. पण टाळ्या वाजवण्याआधी एवढं जरूर विचारा, की मोजताना कोणाला वगळलं? आपण विचारलं नाही, तर खरं मोजणाऱ्याला घर सोडावं लागतं.