सुनेचा पुरा कागद

मास्तरीणबाईंनी शाळा दुसरीत सोडली, तरी सगळी गल्ली त्यांना मास्तरीणच म्हणे. शिवणकामात जो कापतो तो मास्तर, आणि त्यांच्या दुकानात कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात जात नसे. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही. आकडे मात्र चोख. बाई दारातून आत येताना पाहिली की छाती छत्तीस, कंबर तीस, उजवा खांदा उतरता, हे त्या टेप न लावता सांगत. वर म्हणत, "टेप मी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावते."

अशा बाईला आपल्याच घरातलं दिसलं नाही, असं कुणी म्हणू नये. दिसलं होतं.

सुनेला आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. दोन-चार दिवस ती गप्प राहिली, मग काजं करता करता हळूच बोलली. मास्तरीणबाई तिला घरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. म्हातारा माणूस, या घराच्या तीन पिढ्यांच्या नाड्या पाहिलेला. त्यांनी सुनेला विचारलं आणि उत्तर सासूने दिलं.

"काही नाही हो, घाबरट आहे ती. पोरीला पाजणं सोडलंय ना, दूध साकळलं असेल."

डॉक्टरांनी कपड्यावरूनच दोन बोटं दाबली. दुधाचीच गाठ, म्हणाले, शेक द्या आणि या गोळ्या घ्या. पोरगी तीन वर्षांची होती, दूध सुटून दीड वर्ष होऊन गेलं होतं. ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. किंवा सुनेच्या आलं असेल, पण तिला बोलू कोण देतंय?

दोन महिने गेले. गोळ्या संपल्या, गाठ तिथेच.

"आई, मला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय," एका दुपारी सून मशीनवरून न उठता म्हणाली.

"का? या डॉक्टरांना काय धाड भरली?"

"त्यांनी नीट पाहिलं नाही."

"आता डॉक्टरांची पण परीक्षा घे. उद्या मला कात्री धरायला शिकव."

"तुम्ही येऊ नका. आम्ही दोघं जाऊन येतो."

"जा की. माझा लेक काय, तू म्हणशील तिकडे मान डोलवत येईल."

सून पायडल मारत राहिली. रागावली की तिची टीप नेहमीपेक्षा सरळ येई.

मास्तरीणबाई फणकाऱ्याने भिंतीच्या खिळ्याकडे वळल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कटिंगचे कागद तिथे टांगलेले असत. ब्लाऊजचा कागद अर्धाच काढतात. कापड दुहेरी घडी घालून त्यावर तो ठेवला की डावी-उजवी बाजू एकदम निघते. देवाने दोन्ही बाजू सारख्या केल्यात, मग कागद का वाया घालवा, असं त्या नव्या मुलींना शिकवताना सांगत. त्या चाळू लागल्या. शाळेतल्या बाईंचा अर्धा, पोस्टातल्या बाईंचा अर्धा, नणंदेचा अर्धा. मग एक कागद हाताला मोठा लागला. उलगडून पाहिला तर पुरा. सुनेचा.

पुरा कागद त्यांनीच केला होता. सुनेचं ब्लाऊज डावीकडे ओढ खायला लागलं, तेव्हा मशीनवर वाकडी बसते म्हणून खांदा उतरला असेल, असं म्हणून त्यांनी डाव्या बाजूचा टक्स, म्हणजे छातीखालची दाब-चुणी, उसवून अर्धं बोट खाली घेतला. पुढच्या ब्लाऊजला आणखी खाली. तिसऱ्याला डावी बाजू वेगळीच कापली. दरवेळी ब्लाऊज असं बसलं की नाव ठेवायला जागा नाही, आणि दरवेळी मास्तरीणबाई स्वतःवर खूश झाल्या. कागदावर पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेशी कॅलेंडरवरून उतरवलेली तारीख. आकडे चोख.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. परत मोजले. मग स्टुलावर बसल्या.

"उद्या जाऊ," त्या म्हणाल्या. "मी येते."

"कशाला?"

"येते म्हटलं ना."

मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण पोरसवदा निघाली. हिचा पांढरा कोट खांद्यात दोन बोटं मोठा, एवढंच मास्तरीणबाईंनी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पण त्या पोरीने पडदा ओढला, सुनेला कपडे काढायला लावले, हात खाली, हात कमरेवर, हात डोक्यावर, असं सगळ्या बाजूंनी पाहिलं. सुनेने हात वर नेले आणि डावीकडची कातडी आत गेली. धागा ओढला की कापडाला चुणी पडते, तशी. मास्तरीणबाईंनी जन्मभर मापं घेतली ती हात खाली सोडलेल्या बायांची. अंगावरची चुणी त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

"हा बदल कधीपासून आहे?" डॉक्टरणीने विचारलं.

"दोन महिने," सून म्हणाली.

डॉक्टरीण लिहू लागली. सुनेच्या कटिंगच्या कागदाची गुंडाळी मास्तरीणबाईंच्या काखेत होती. ती तिथेच ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? घरी जाऊन चुलीत घातली की संपलं.

"दोन नाही," त्या म्हणाल्या. "अकरा."

आणि त्यांनी गुंडाळी टेबलावर सोडली. रेघा बोटाने दाखवल्या, तारखा वाचल्या. आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच ठेवला. डॉक्टरीण ऐकत राहिली. सून कागदाकडे पाहत होती. अंगावर अजून काही घातलेलं नव्हतं, आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं.

"आजी, हा कागद मी ठेवून घेऊ?"

"घ्या."

बाहेर बाकावर सून म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुझी बसायची खोड."

"मला विचारायचं होतं."

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द एकटा, मागे 'पण' न लावता, घरात कुणी ऐकलेला नव्हता.

फोटो काढले, सुईने तुकडा काढला, आठ दिवसांनी बोलावलं. कॅन्सर होता. काखेतही पोचला होता. आधी औषधं चढवायची, मग ऑपरेशन, डॉक्टरणीने सगळं कागदावर काढून समजावलं. मुलगा मान खाली घालून बसला. आधी आला असतात तर, असं डॉक्टरीण म्हणाली नाही. न म्हटलेलं मास्तरीणबाईंना सबंध ऐकू आलं.

इस्पितळात घालायला पुढून उघडणारा सैल सदरा लागणार होता. मास्तरीणबाईंनी घरी येताच मऊ कापड काढलं, घडी घातली, खडू घेतला.

"नको," सून दारातून म्हणाली. "हे बाजारातून तयार आणणार आहेत."

"तयार कपडा कसला बसतो? चार टाके तरी मारून देते."

"नको, आई. तुम्ही शिवता ते इतकं चांगलं बसतं, की माझं मलाच कळत नाही."

मास्तरीणबाईंनी कापड परत फडताळात ठेवलं. कात्री ठेवली. त्या दिवशी मशीन चाललं नाही.

सकाळी सून तयार सदरा घालून बाहेर आली. खांदे उतरलेले, बटणं एका रेषेत नाहीत, आणि डाव्या बाजूला कापड गोळा झालेलं. मास्तरीणबाईंची बोटं आपसूक उठली. त्यांनी ती पदरात गुंडाळून धरली.

"डावीकडे चुणी पडतेय," त्या म्हणाल्या.

सुनेने मान खाली करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "दिसतेय." आणि पिशवी उचलून पायऱ्या उतरू लागली.