पट्टीच्या पाठीवरचं नाव

अन्वरनं भिरकावलेला क्लिपांचा डबा थेट खैरुद्दीनचाचाच्या कानशिलावर बसला. डबा पत्र्याचा, क्लिपा पितळेच्या आणि चाचाचं वय एकोणसाठ. चाचा जागच्या जागी खाली बसला. कानामागून रक्ताची धार मानेवर उतरली आणि गॅरेजमधली बाकीची माणसं आपापल्या कामात अशी काही गढून गेली, की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. चाचाचा गुन्हा एवढाच, की त्यानं गाडीची स्टीलची पट्टी हातात न धरता शिकंज्यात आवळून घासली होती.

समाधाननं खिशातलं फडकं काढून चाचाच्या कानामागे दाबून धरलं.

"तुला पण पाहिजे का?" अन्वरनं विचारलं.

समाधाननं मान खाली घातली. सांगोल्यात असताना तो कुणाचं ऐकून घेणारा नव्हता. पण शारजात आल्यापासून चार वर्षांत मूग गिळून बसणं त्याला इतकं छान जमायला लागलं होतं, की कधीकधी त्याचा त्यालाच राग यायचा.

अन्वर म्हसळ्याचा, चाचा हर्णैचा. दोघंही एकाच किनाऱ्याचे, पण त्याचा चाचाला काडीचा उपयोग नव्हता. अन्वर गॅरेजचा फोरमन होता आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असायचे. हात उचलण्याआधी तो विचार करत नसे आणि नंतरही करत नसे.

गॅरेजात काम चालायचं ते जुन्या अमेरिकन गाड्यांचं. लांबलचक बॉनेट, दोन दारं आणि रणगाड्याला लाजवील असं इंजिन. आता पिकल्या दाढीचे झालेले शेख तरुणपणी या गाड्या वाळूतून उधळायचे आणि आता त्याच गाड्या त्यांना पुन्हा जशाच्या तशा हव्या होत्या. इंजिन मिळायचं, सीट मिळायची, रंग तर कुणीही मारील. मिळायची नाही ती गाडीच्या अंगाला, चाकापासून चाकापर्यंत गेलेली स्टीलची चकचकीत पट्टी. गाडी ठोकली की पहिला मार तीच खायची आणि डेंटर लोक ती उपटून कचऱ्यात फेकायचे. नवी बनवून लावलेली शेखांना चालत नसे. पट्टी कंपनीची, त्याच सालची हवी.

अशी वाकडी पट्टी सरळ करणारा माणूस म्हणजे समाधान. वाळूच्या पिशवीवर पट्टी पालथी टाकायची, लाकडी ठोकळा ठेवायचा आणि आतल्या बाजूनं हलक्या हातोडीनं टिचक्या मारत राहायचं. घाई केली की स्टील फाटतं. मग चाचा ती पॉलिशच्या फिरत्या बफावर धरायचा आणि पट्टीत तोंड दिसायला लागायचं. दुसऱ्या कुणाला हे येत नव्हतं आणि म्हणूनच अन्वर समाधानला सुट्टी देत नव्हता. समाधान गाव सोडून आला तेव्हा त्याच्या बायकोला, आशाला, पाचवा महिना होता. मुलगी झाली, प्रज्ञा नाव ठेवलं, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि हे सगळं त्याला कळलं ते टेलिफोनवरून.

अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चात बू राशिद आले आणि पहिल्यांदा आशेला जागा झाली. बू राशिद म्हणजे अल ऐनचे एक म्हातारे शेख. त्यांची सत्तर सालची शेव्हेल गाडी गॅरेजात उभी होती. दोन्ही अंगांच्या मिळून सहा पट्ट्या लागायच्या, पाच होत्या. डाव्या पुढच्या मडगार्डची नव्हती आणि ती दोन वर्षं अख्ख्या अमिरातीत कुणाला सापडली नव्हती. ते सरळ समाधानपाशी येऊन बसले.

"तुम ये पट्टी लाओ, असली. मैं तुम्हारा पासपोर्ट लेता, टिकट देता. दो महीना घर. कलाम खलास."

अन्वर बाजूलाच उभा होता. तो हसला, पण नुसत्या दातांनी.

त्यानंतर दर शुक्रवारी समाधान भंगार धुंडाळत हिंडला. रुवैसपर्यंत जाऊन आला. आणि पट्टी सापडली कुठे, तर मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात, त्याच्याच तालुक्यातल्या विष्णूच्या खोलीत. एका बंकबेडच्या डोक्याशी तिला दोरीनं बांधलं होतं आणि तिच्यावर बनियनी वाळत होत्या. समाधाननं बनियनी बाजूला केल्या, पट्टीवरून बोट फिरवलं आणि ओळखलं, डाव्या मडगार्डची, असली.

"तिला हात नको लावू," विष्णू म्हणाला. "पाण्याच्या भांडणात ह्याच पट्टीनं एकाचं डोकं फोडलंय. हे बघ, मधे वाकलीय ना, ते त्याचं कपाळ."

"मला दे. मी तुला लोखंडी पाइप आणून देतो."

"पाइपानं माणूस मरंल रे," विष्णू म्हणाला, पण त्यानं दोरी सोडली.

त्या बाकातून कपाळ काढून टाकायला समाधानला तीन आठवडे लागले. उन्हात पत्र्याची शेड तापायची, घाम पट्टीवर टपकायचा आणि तो टिक टिक टिक करत राहायचा. पट्टी सरळ झाली त्या दिवशी त्यानं नाव घालायचा बारीक पोगर घेतला आणि तिच्या पाठीवर, पुढच्या टोकाशी, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं: चि. प्रज्ञा.

ही त्याची जुनी खोड. शारजाला येण्याआधी तो सांगोल्याच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. ताट असो, तांब्या असो, लग्नातली कळशी असो, नावाशिवाय स्टील घरात जात नाही हे त्याच्या हाताला माहीत होतं. सहाही पट्ट्यांवर त्यानं लेकीचं नाव घातलं होतं. त्या नावामुळे पट्टीचं पुढचं टोक कुठलं तेही कळायचं आणि जिवाला बरंही वाटायचं. बसवल्यावर पाठ कुणाला दिसणार? त्यानं आशाला फोनवर सांगितलं, "तुझ्या लेकीचं नाव अमेरिकन गाडीवरून फिरणार आहे." आशा हसून हसून बेजार झाली.

दुसऱ्या दिवशी अन्वरनं पट्टी उचलली. "अजमानला नेतो. पॉलिश अजून पाहिजे."

पॉलिश हे चाचाचं काम, त्याला ते लागलं, पण क्लिपांचा डबा तो अजून विसरला नव्हता. चार दिवसांनी पट्टी परत आली. समाधाननं ती पालथी केली तर खाचेत साबणासारखं काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं. साचा घेतला की असं राहतं. अन्वर नकला काढणार हे त्याला कळलं, चाचालाही कळलं.

"बोलायचं का बू राशिदला?" चाचानं विचारलं.

"नको चाचा. गाडी जाऊ दे. माझं तिकीट होऊ दे. मग बघू."

हेच त्याचं चुकलं. ते त्याला त्याच वेळी ठाऊक होतं आणि तरीही तो गप्प बसला.

पट्टी गाडीवर चढली, बू राशिदनी पुढल्या फेरीला तिकीट आणतो म्हणून सांगितलं आणि गाडी अल ऐनला गेली. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून बू राशिद परत आले. गाडी स्वतः चालवत आणली होती. मागून दुसऱ्या गाडीतून त्यांचे दोन पुतणे उतरले. त्यांच्या हातात तीन पट्ट्या होत्या, तिन्ही डाव्या पुढच्या मडगार्डच्या. बू राशिदनी त्या जमिनीवर पालथ्या मांडल्या.

तिन्हींच्या पाठीवर ठिपक्यांनी लिहिलं होतं, चि. प्रज्ञा.

अजमानच्या प्रेसवाल्याला देवनागरी येत नव्हती. त्याला वाटलं, हा अमेरिकन कंपनीचा शिक्का. मग त्यानं इमानेइतबारे प्रत्येक नकलेवर तो उठवून दिला. अन्वरला वाचता येत होतं, पण त्यानं पट्टीची पाठ कधी पाहिलीच नव्हती. त्यानं बू राशिदच्या तीन दोस्तांना त्या असली म्हणून विकल्या होत्या, एकेक दोन हजार दिरहमला, म्हणजे आपले बावीस-तेवीस हजार. आणि त्या दोस्तांनी मजलिसमध्ये बसून बू राशिदला कंपनीचा शिक्का अभिमानानं दाखवला होता.

"बायाँ पट्टी दो साल किसी को नहीं मिला," बू राशिद म्हणाले. "अब चार. कौन बनाया?"

अन्वर पट्ट्यांवर वाकला, त्यानं वाचलं, आणि त्याचा चेहरा पडला. पण एक क्षणच. पुढच्या क्षणाला त्यानं लाकडी मोगरी उचलून समाधानच्या तोंडावर मारली.

"ये हरामी बनाया, अरबाब! इसकी बेटी का नाम है. ये लिखता है!"

समाधानच्या तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा. तो काही बोलणार तोच थोरल्या पुतण्यानं पोटात लाथ घातली. तो पडला तर धाकट्यानं कॉलर धरून उभा केला. चौथ्या की पाचव्या लाथेला त्याची एक बरगडी मोडली, ते त्याला ऐकूसुद्धा आलं.

"लिखो," बू राशिद म्हणाले.

त्याला पत्र्याचा तुकडा दिला, पोगर दिला, हातोडी दिली. त्यानं घातलं, चि. प्रज्ञा. हुबेहूब तेच अक्षर. थोरल्या पुतण्यानं त्याचा उजवा पंजा ऐरणीवर दाबला आणि घण उचलला.

"पाठ बघा!" चाचा मधे पडला. त्यानं समाधानचा पंजा आपल्या दोन्ही हातांखाली झाकला. "अरबाब, असली पट्टी निकालके पाठ देखो. फिर मेरा भी हाथ तोडो."

बू राशिदनी बोट वर केलं. घण थांबला.

समाधाननं लाकडी पाचर घेतली आणि शेव्हेलच्या अंगाची पट्टी एकेक क्लिप सोडवत काढली. ओठावरून रक्त टपकत होतं, पण रंगावर ओरखडा आला नाही. त्यानं ती पालथी धरली. आतून मधला सगळा भाग हातोडीच्या टिचक्यांनी भरला होता, तीन आठवड्यांच्या, हजारोंनी. नकला आतून गुळगुळीत होत्या. असलीच्या खाचेत, खोल कोपऱ्यात, साच्याचा पांढरा कण अजून होता. बू राशिदनी तो नखानं काढला, बोटांत चुरला आणि अन्वरकडे पाहिलं.

"पट्टी बाहर कौन ले गया?"

अन्वरची नजर फाटकाकडे गेली.

"इसका पासपोर्ट लाओ," बू राशिद समाधानकडे हात करून म्हणाले. "ये मेरा आदमी. कल घर जाता."

समाधानला रडू आलं. तोंड सुजलेलं, बरगडी मोडलेली, हातात पट्टी, आणि तो लहान पोरासारखा रडत उभा राहिला. उद्या घर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

अन्वर ऑफिसात गेला आणि पासपोर्ट घेऊन बाहेर आला. फाटकापाशी पुतणे उभे होते. आपला खेळ आटोपला हे त्याला कळलं होतं. रंग उतरवायची कॉस्टिकची टाकी वाटेतच होती, खालचा बर्नर चालू, वर वाफ. तो तिथं थांबला.

"जा घरी," तो मराठीत म्हणाला. "पोहत जा." आणि पासपोर्ट टाकीत टाकला.

चाचानं विचार केला नाही. त्यानं कोपरापर्यंत हात टाकीत घातला. अशी किंकाळी त्या गॅरेजात कधी कुणी ऐकली नव्हती. हात बाहेर आला तेव्हा मुठीत काळानिळा लगदा होता आणि हाताची कातडी कुठली, कागद कुठला ते कळत नव्हतं. अन्वर हसला. खरंच हसला.

समाधानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. हातातल्या पट्टीचा पहिला फटका अन्वरच्या खांद्यावर बसला. दुसरा, पट्टीच्या धारेनं, तोंडावर आडवा. अन्वर डोळा धरून खाली कोसळला, तरी तिसरा बसला, चौथा बसला. पाचव्याला पुतण्यांनी त्याला मागून कवळ्यात धरलं.

मग शेडमध्ये नुसता नळाचा आवाज. चाचा हात नळाखाली धरून बसला होता, दात चावत.

बू राशिद समाधानजवळ आले. ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांच्या आवाजात आलं.

"क्यों मारा? पासपोर्ट कागज है. कॉन्सुलेट तीन हफ्ते में दूसरा देता. मैं लेके जाता."

समाधानला हे माहीत नव्हतं. चार वर्षं ज्या ड्रॉवरला तो घाबरत आला, त्यातली वस्तू तीन आठवड्यांत दुसरी मिळते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं हातातल्या पट्टीकडे पाहिलं. ती पुन्हा वाकली होती, मधोमध, जिथं आधी वाकली होती तिथंच. ही सरळ करायलाही तीन आठवडेच, त्याच्या हातांनी आपोआप हिशेब केला.

अन्वरचा डावा डोळा गेला. चाचाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापावं लागलं. कोर्टात पट्टी टेबलावर ठेवली होती, पालथी. जजनं अरबीत काहीतरी विचारलं आणि दुभाष्या समाधानकडे वळला.

"हथियार पर क्या लिखा है?"

"मेरी बेटी का नाम."

दुभाष्यानं ते लिहून घेतलं. मग पुन्हा वाकून बघितलं. "और आगे ये छोटा क्या है?"

"चिरंजीव," समाधान म्हणाला. "मतलब, लंबी उमर हो. बच्चों के नाम के आगे लिखते हैं."

दुभाष्यानं तेही जजला सांगितलं. जजनं मान हलवली आणि सहा वर्षं दिली. प्रज्ञा तेव्हा चार वर्षांची होती.