शेवाळाच्या गावचा अर्ज

म्हाळुंग्यात एकनाथआण्णांकडे खोली मागायला जाणं म्हणजे मुलाखतच असायची. गाव कुठलं, घरी कोण कोण, नोकरी पक्की की कच्ची, मित्र येणार तर किती आणि त्यातले रात्री गाणी म्हणणारे किती. सगळी उत्तरं मनासारखी आली तरी आण्णा पान चघळत "बघू" म्हणायचे आणि समोरच्याला दोन दिवस टांगून ठेवायचे. शेतात इमारत उभी राहिल्यापासून त्यांनी कुणापुढे अर्ज म्हणून केला नव्हता. अशा माणसावर एका रविवारी सकाळी मोबाइल हातात धरून परक्या मुलखातल्या अनोळखी मंडळींना "मला आत घ्या" म्हणायची पाळी आली, आता बोला.

कारण होतं किमया, आण्णांची एकुलती एक मुलगी. हिंजवडीत चांगली नोकरी मिळत होती, स्थळं सांगून येत होती, आणि ही बया फिनलंडला गेली ती शेवाळाचा अभ्यास करायला. ज्याच्यावरून पाय घसरू नये एवढीच काळजी आण्णांनी जन्मभर घेतली, त्याचा अभ्यास! बाप-लेकीत जुंपली. ती निघाली त्या दिवशी आण्णा विमानतळावर गेले नाहीत, आणि त्याला आता दोन वर्षं झाली, तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आईशी, नलिनीबाईंशी, तिचं फोनवर बोलणं व्हायचं. फोन वाजला की आण्णा उठून गोठ्याकडे जायचे. गोठा कधीच पाडला होता, तिथं भाडेकरूंच्या गाड्या लागायच्या, तरी जायचे. आपण फोन करावा असं त्यांना रोज वाटे. पण पहिला शब्द कुठला काढायचा, तिथंच सगळं अडायचं.

मग एकदा नलिनीबाई बोलता बोलता म्हणाल्या, की पोरगी त्या नेहमीच्या मोठ्या कंपन्यांच्या ठिकाणी काही टाकतच नाही. मॅस्टोडॉन म्हणून काहीतरी आहे, तिथं लिहिते. काय खाल्लं, कुठं गेली, थंडी किती पडली, सगळं तिथं. आण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि रविवारी उजाडताच तिसऱ्या मजल्यावर ऋतिकाचं दार वाजवलं. ऋतिका लातूरकडची, आयटीत कामाला, बोलायला चुणचुणीत. आण्णांच्या मुलाखतीत एका फेरीत पास झालेली ती एकटीच.

तिनं किमयाचं पान शोधून दिलं. वर फोटो होता, डोक्यावर लोकरीची टोपी, गाल थंडीनं लाल. "वाळलीय," आण्णा म्हणाले. फोटोखाली मात्र कोरं होतं. ऋतिकानं सांगितलं, की किमयाचं लिहिणं तिनं परवानगी दिलेल्यांनाच दिसतं. आधी काकांनी स्वतःचं खातं उघडायचं, मग तिची परवानगी मागायची. खातं कुठल्याही सर्व्हरवर उघडलं तरी चालतं. सर्व्हर म्हणजे जणू एकेक गाव, पुष्कळ आहेत, ज्याचा त्याचा वेगळा, पण एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बिनदिक्कत बोलतो.

आण्णांना हे काही पटेना. लेकीकडं जायचं तर लेकीच्या गावाला जायचं, शेजारच्या गावात उतरून वेशीवरून हाका मारायच्या म्हणजे काय? किमया जिथं आहे तोच सर्व्हर पाहिजे, म्हणून ते अडून बसले. तो सर्व्हर निघाला छोटासा, झाडापाल्याच्या वेड्यांचा. नाव तिकडच्या भाषेत, अर्थ शेवाळ. आणि तिथं कुणालाही उचलून आत घेत नव्हते. एक चौकोन होता आणि वर प्रश्न: तुम्हाला इथं का यायचंय?

आण्णांनी चष्मा पुसला. आयुष्यभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न कुणीतरी त्यांनाच विचारत होतं. त्यांनी आधी कुळी, देवक, सातबाऱ्यावरची नावं असं सगळं सांगितलं, ते चौकोनात मावेना. मग त्यांनी ऋतिकाच्या हातातून आपला मोबाइल घेतला आणि एका बोटानं स्वतःच लिहिलं:

"मी एकनाथ, मुक्काम पोस्ट म्हाळुंगे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. शेवाळातलं मला काही कळत नाही. माझी मुलगी तुमच्याकडं राहते. ती काय लिहिते ते मला वाचायचंय. मी कुणाला त्रास देणार नाही. तिच्याशी काही बोलणार नाही. कडेला बसून वाचीन."

ऋतिकानं ते वाचलं आणि म्हणाली, की ती माणसं परदेशातली, मी इंग्रजीत करून देते.

"न्हाई पोरी," आण्णा म्हणाले. "मागणारा मी हाय. माझ्या तोंडानं मागतो."

अर्ज गेला, मेलचा पत्ता ऋतिकाचा. उत्तर लगेच आलं नाही. आण्णा दर तासाला तिसरा मजला चढायचे, बिचाऱ्या गुडघ्यांचे हाल. शेवटी ऋतिकानं त्यांना त्या सर्व्हरचं उघडं अंगण दाखवलं. तिथलं, ज्यांनी सगळ्यांसाठी लिहिलंय त्यांचं, बाहेरूनही वाचता येतं. आणि काय सांगावं, आण्णांचं भानच हरपलं.

कुणी दगडावरच्या शेवाळाचा फोटो टाकलेला, इतका जवळून काढलेला की त्या टीचभर हिरव्यात अख्खं जंगल उभं. त्याखाली चिलीतली एक म्हातारी आपल्या विहिरीच्या कडेचं शेवाळ दाखवत होती. ती या सर्व्हरवर नव्हती, तिचं खातं तिच्या गावच्या वाचनालयानं चालवलेल्या दुसऱ्याच सर्व्हरवर. तिला उत्तर देणारा तिसरीकडचा. मध्ये जाहिरात नाही, की घ्या घ्या म्हणून अंगावर येणं नाही. माणसं नुसती एकमेकांना हिरवं दाखवत होती.

"ह्याचा मालक कोण?" आण्णांनी विचारलं. सगळ्याचा मिळून मालक कुणीच नाही, म्हणाली ऋतिका. हा एक सर्व्हर पाच-सहा जण आपला वेळ घालून सांभाळतात, बाकीचे वर्गणी देतात. बाकीचे सर्व्हर बाकीचे सांभाळतात. आण्णा थक्क झाले. वर्गणी काढून जत्रा करणं त्यांना ठाऊक होतं. तिथं कुठं मालक असतो? तरी छबिना निघतो, आखाडा भरतो, हजार पानं उठतात. पण ते आपल्या चार वाड्यांपुरतं, असं त्यांना वाटायचं. सातासमुद्रापलीकडची, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं तसंच करतात आणि ते चालतं, हे त्यांना खरंच वाटेना. त्या रात्री जेवताना त्यांनी नलिनीबाईंना ते तीनदा सांगितलं. नलिनीबाई म्हणाल्या, चिलीचं राहू द्या, आपलीचं काय झालं?

मंगळवारी संध्याकाळी ऋतिका जिना धडाधड उतरत खाली आली. खातं मंजूर झाल्याचा मेल आला होता आणि पाठोपाठ दुसरा. दुसरा मराठीत होता.

"अर्ज मिळाला. इथं सांभाळणाऱ्यांत मराठी वाचणारी मी एकटीच, म्हणून बाकीच्यांनी तो माझ्याकडं पाठवला. खातं मंजूर केलं आहे. अर्जातली एक गोष्ट मात्र मान्य नाही, काही न बोलण्याची. किमया."

आण्णांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि मोबाइल नलिनीबाईंच्या हातात दिला. आण्णांना रडू फुटलं होतं आणि ते लपवायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

ऋतिकानं आण्णांच्या मोबाइलवर परवानगी मागायचं बटण दाबलं. क्षणात परवानगी आली, आणि मघाच्या कोऱ्या जागी दोन वर्षं उघडली. पहिला बर्फ. बर्फात हरवलेली खोलीची किल्ली. तिकडच्या पिठाची फसलेली पुरणपोळी, त्यावर शेजारणीनं मारलेला ताव. ताप आलेला आठवडा. आण्णा बोटानं सरकवत राहिले. एवढं सगळं झालं आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं. लेकीला ताप होता तेव्हा आपण इथं खाली गाड्या मोजत उभे होतो. आता बोलणं भाग होतं. पहिला शब्द अजून सापडला नव्हता, पण थांबवतही नव्हतं. त्यांनी मोठ्या चौकोनात लिहिलं आणि पाठवून दिलं:

"किमया, जेवलीस का?"

ते त्यांनी पाठवलं तिला, गेलं सगळ्यांना. खातं उघडून घटकाही न झालेल्या माणसाला काय कळणार. ऋतिका कपाळाला हात लावून काढून टाकायला निघाली, तोवर पहिलं उत्तर आलं. तिथं भाषांतराचं बटण असतं, त्यावर लोकांनी आण्णांना वाचलं होतं. फिनलंडची एक बाई म्हणत होती, मी किमया नाही, पण राईचा पाव आणि सूप झालं माझं. जपानचा एक जण कधीच जेवला होता, आता झोपायला निघाला होता. ब्राझीलच्या पोरानं कळवलं, इकडं दुपार व्हायला आलीय, आई राजमा शिजवतीय. कुणीतरी पुढं पाठवलं आणि मग दुसऱ्याच सर्व्हरवरची माणसं येऊ लागली, ज्यांची नावंही वाचता येईनात. कुणाचा भात, कुणाची मासळी, कुणी लिहिलं की मला बऱ्याच दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं, बरं वाटलं. आण्णा एकेक मोठ्यानं वाचून दाखवत होते. "अगं, ह्यो बघ. ह्यो पण जेवला." हसत होते आणि डोळे पुसत होते. जगात इतकी माणसं संध्याकाळी ताटावर बसतात हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ऋतिका केव्हाच वर निघून गेली. साडेआठ झाले. उत्तरं येत होती, पण किमयाचं नव्हतं. आण्णांचं वाचणं हळूहळू थांबलं. नलिनीबाईंनी आमटी गरम करायला ठेवली.

मग आलं.

"आण्णा, परवानगी दिली आणि रेंज गेली. आत्ता रानातून घरी आले. न्हाई जेवले अजून. भात टाकते, तोवर बसा."

नलिनीबाईंनी ताटं घेतली आणि हाक मारली. आण्णांनी मोबाइलवरून नजर काढली नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिचा भात होऊ दे."