नऊच्या जागी चार

शाळेच्या ग्रंथालयाला लागून एक चिंचोळी खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘टक्केबाई’ म्हणायची. कारण सरळ होतं. बारावीचं पोर समोर बसलं, की बाई त्याची फाईल उघडायच्या, गुण बघायच्या, निबंध वाचायच्या आणि कुठल्या कॉलेजात नंबर लागायची किती शक्यता आहे ते टक्क्यांत सांगायच्या. अठरा वर्षांत त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता, त्यामुळे पालक बाईंचा शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा घडी करून खिशात ठेवायचे.

शाळेच्या बसवरचे ड्रायव्हरदादा मुलीला घेऊन आले, तेही असेच विश्वासाने. अंगावर ड्रायव्हरचा गणवेश होता. खुर्ची रिकामी असूनही ते उभेच राहिले. मुलीला दूरच्या तीन मोठ्या कॉलेजांना अर्ज करायचा होता. हजारो अर्जांतून मूठभर मुलं घेणारी ती कॉलेजं. बाईंनी फाईल पाहिली. गुण उत्तम, निबंध साधा पण स्वतःचा. फक्त विज्ञानाच्या सरांचा गोपनीय शेरा दहापैकी चार होता. तो मुलांना दाखवायचा नसे, पण कॉलेजं त्याला फार वजन द्यायची.

“सहा टक्के,” बाई म्हणाल्या. “तिन्हीकडे साधारण तेवढेच.”

“प्रयत्न केला तर?” मुलीने विचारलं.

“प्रयत्न सगळेच करतात गं. दोन-तीन महिने त्या अर्जांसाठी जिवाचं रान करशील आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर मन मोडून बसशील. इथल्या कॉलेजात तुझा नंबर नक्की आहे.”

मुलगी काहीतरी बोलणार होती, पण ड्रायव्हरदादांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बाई म्हणतात म्हणजे विचार करूनच म्हणत असतील. चल.”

मुलीने अर्ज केला नाही. ती घराजवळच्या कॉलेजात गेली. बाई तिला विसरूनही गेल्या.

मुलीचं कॉलेजातलं पहिलं वर्ष संपलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, त्या आठवड्यात विज्ञानाचे सर कपाटातली पुस्तकं न्यायला आले. ते नुकतेच निवृत्त झाले होते. चहा घेता घेता त्यांनी सहज विचारलं, “आपल्या ड्रायव्हरची मुलगी कुठल्या कॉलेजात गेली हो? तिन्हींतलं कुठलं?”

“इथेच आहे की.”

“इथे?” सरांनी कप खाली ठेवला. “अहो, मी नऊ दिले होते तिला. उभ्या नोकरीत तिघांना दिलेत नऊ.”

सर गेल्यावर बाईंनी दार लोटलं आणि सरांनी दिलेला शेऱ्यांचा मूळ तक्ता काढला. तिच्या नावासमोर नऊ होते. चार वरच्या ओळीतल्या मुलाचे होते. फाईलमध्ये उतरवताना बाईंची नजर एक ओळ वर सरकली होती.

चूक एवढीशीच. पण बाईंना बसवेना, त्याचं कारण वेगळं होतं. शेरे उतरवण्याच्या त्याच दिवसांत एका डॉक्टरांच्या मुलाला पाच मिळालेले दिसले, तेव्हा त्या स्वतः जिना चढून सरांकडे गेल्या होत्या. “सर, काही गडबड तर नाही ना?” गडबड नव्हती, पाचच होते. पण त्या गेल्या होत्या. ड्रायव्हरच्या मुलीला चार मिळाले, हे मात्र त्यांना मुळीच खटकलं नव्हतं. पेन न थांबता पुढे गेलं होतं.

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. “झालं ते झालं. मुलगी शिकतेय ना? तुम्ही हे उकरून काढलंत, तर उद्या प्रत्येक पालक फाईल घेऊन माझ्या दारात उभा राहील. शिवाय अर्ज केला असता, तरी नंबर लागलाच असता कशावरून?”

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी फाटकाशी ड्रायव्हरदादा हात उंचावून नमस्कार करायचे आणि बाई पर्समध्ये काहीतरी शोधत आत शिरायच्या. एकदा त्यांनी बाईंना थांबवलंच. “बाई, बरं झालं तुम्ही वेळीच सांगितलंत. नाहीतर पोरगी झुरली असती हो.”

रविवारी बाई पत्ता विचारत ड्रायव्हरदादांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीत अभ्यासाचं टेबल. ड्रायव्हरदादांची धांदल उडाली. “बाई स्वतः आल्या! अगं, खुर्ची पूस.”

“दादा, आधी बसा,” बाई म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. ओळ कशी सरकली ते सांगितलं. मग डॉक्टरांच्या मुलाचंही सांगितलं. ते सांगायची त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती, पण तेवढं मागे ठेवून उठणं त्यांना जमलं नसतं.

ड्रायव्हरदादा उठले, माठाशी गेले आणि पेला हातात घेऊन तसेच पाठमोरे उभे राहिले.

मुलीने विचारलं, “खरा आकडा किती होता?”

“चाळीस. एखाद्या ठिकाणी पंचेचाळीस.”

“म्हणजे न होण्याचीच शक्यता जास्त.”

“हो.”

“पण मी अर्ज केला असता, बाई.” तिचा आवाज चढला नाही. “वर्षभर मला वाटत होतं, सरांना माझ्यात काहीतरी कमी दिसलं असणार. तुम्ही फाईल बघून सहा टक्के म्हणालात ना, तेव्हाच वाटलं; गुण चांगले होते, उरला तो सरांचा शेराच. मी प्रयोगशाळेत हात वर करायचंसुद्धा सोडून दिलं.”

बाईंना माफी मागायची होती. शब्द तोंडात आले आणि त्यांना स्वतःलाच हलके वाटले, तरी त्या म्हणाल्या. मुलीने मान हलवली नाही. मग बाईंनी विचारलं, “या वर्षी पुन्हा अर्ज करशील? मी सगळी मदत करते.”

“चूक कुणाची होती ते लिहून द्या,” मुलगी म्हणाली. “आणि सरांचा शेरा बरोबर पाठवा. अंदाज नको.”

मुख्याध्यापिकांनी शाळेचं नाव छापलेला कागद द्यायला नकार दिला. बाईंनी साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं, तिन्ही कॉलेजांना पाठवलं आणि प्रत मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. बातमी फुटायची ती फुटलीच. मुलाचा गोपनीय शेरा बाहेर गेला म्हणून डॉक्टर तावातावाने येऊन गेले. महिन्याभरात चिंचोळी खोली एका तरुण शिक्षकाला मिळाली आणि बाईंकडे पाचवीचा भूगोल आला. त्यांनी कुरकूर केली नाही. खरं तर, समोर बसलेल्या पोराला आता काही सांगायचं नाही, या विचाराने त्यांना जरा सुटल्यासारखं झालं आणि मग त्या सुटकेचीही लाज वाटली.

मुलीने अर्ज भरले. निबंध बाईंना दाखवला नाही. दोन कॉलेजांनी नकार कळवला, तिसऱ्याने घेतलं. बाईंना हे फाटकाशी कळलं, तेही त्यांनी विचारलं म्हणून.

“लागला नंबर,” ड्रायव्हरदादा म्हणाले. “पुढच्या महिन्यात जाईल.”

बाईंचे डोळे भरून आले. “फार आनंद झाला, दादा. तिला सांगा माझ्याकडून.”

“सांगतो.” त्यांनी बसची काच पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली. “तिच्या बारावीच्या वर्गातली मुलं आता तिसऱ्या वर्षाला जातील. ही पहिल्यापासून सुरू करणार. दोन वर्षं गेली तिची.”

ते रागाने बोलले नव्हते. नुसतं जे आहे ते सांगितलं होतं. बाई “हो” म्हणाल्या आणि शाळा सुटून मुलं बसमध्ये चढेपर्यंत तिथेच बाजूला उभ्या राहिल्या.